सहा बाटल्या शाई

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी लातूरहून नांदेडला गेले, रंगीत प्रिंटर विकत घ्यायला. उपास होता. बस अहमदपूरच्या स्टँडवर अर्धा तास उभी राहिली. मांडीवरच्या पर्समध्ये बटरपेपरच्या पाकिटात एक निगेटिव्ह होती, वीस वर्षं जपलेली. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. घाबरायचं माझं वय केव्हाच संपलं, असं मी तेव्हा समजत होते.

प्रिंटर मुलींसाठी हवा, असं मी घरी सांगितलं होतं. ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे. वरच्या दोन खोल्यांत क्लाससाठी आलेल्या चार मुली राहतात. बारा महिने त्यांचे कसले तरी फॉर्म भरायचे असतात आणि प्रत्येक फॉर्मला फोटो लागतो. स्वयंपाकाला येणाऱ्या धुरपताबाईला हे पटलं. जळकोटची धम्मप्रिया चौघींत तोंडानं तिखट, तिला पटलं नाही.

"काकू, आमच्या चार थोबाडांसाठी एवढी मशीन? आम्ही काय हिरोइनी लागून गेलो का?"

खरं कारण समोरच्या खोलीत भिंतीवर होतं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात मी नांदेडला बी.एड. करत होते. नवरा चन्नबसप्पा, सासूबाई शरणम्मा आणि चार वर्षांची माझी नीलगंगा गावी होती, तेरणेच्या काठी. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं, आणि पहाटे चारच्या आत भूकंपात दगडमातीची घरं खाली बसली. मी तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर चिता विझल्या होत्या. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून, विभूती लावून मातीत ठेवतात. त्या दिवसांत कोणाचं काय आहे हे बघायला कोणाला सवड नव्हती आणि मी त्याचा दोष कोणाला देत नाही. नवऱ्याचा आणि सासूबाईंचा फोटो माझ्याकडे होता, लग्नातला. नीलगंगेचा एकही नव्हता. पाच वर्षं पुरी होईस्तोवर लेकराचा फोटो काढायचा नाही, आयुष्य कमी होतं, असा सासूबाईंचा नेम होता.

ज्यांची ओळख पटली नाही त्यांचे फोटो चितेआधी काढून ठेवले होते. मदतीच्या तंबूत एक वही होती. पानापानावर नंबर आणि काडीपेटीएवढा काळापांढरा फोटो. ते काढणारे नांदेडचे फोटोग्राफर जिलानी वहीशेजारी बसलेले असत. एकतीस नंबरला चार-पाच वर्षांची मुलगी होती. चेहऱ्यावर मातीचा थर, डोळे उघडे. गळ्यात दोरा आणि दोऱ्यात कापडात शिवलेलं काहीतरी लहानसं. नीलगंगेच्या गळ्यात जन्मापासून इष्टलिंग होतं, मीच लाल कापडात शिवून दोऱ्यात बांधलेलं. मी फोटोवर बोट ठेवलं.

"पक्कं, बाई?" जिलानींनी विचारलं.

"पक्कं."

ओळख पटलेलं पान वहीतून काढून टाकत. फोटो आणि निगेटिव्ह माझ्या हातात आली. डोळे उघडे कसे, याचं उत्तर मी मलाच दिलं होतं. जुने फोटोग्राफर निगेटिव्हवर पेन्सिलीनं डोळे उघडून देत, घरच्यांना बघवावं म्हणून. त्या फोटोला मी कधी हार घातला नाही. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी समोर वाटीभर दूध ठेवायचं, संध्याकाळी ते मांजराला. शिकलेली बाई असून हे काय, असं लोक म्हणत. म्हणू देत.

दर वर्षी तीस सप्टेंबरला नव्या गावात सगळे जमतात. जुन्या गावात आमच्या समोर राहणारी, बांगड्या विकणारी बानोबी त्या दिवशी प्रत्येकाला एकच विचारते. "माझी हुमा कुणाला दिसली का? पिवळा फ्रॉक हाय. गळ्यात हिरवा तावीज." हुमा नीलगंगेच्याच वयाची, दोघी दिवसभर एकमेकींच्या अंगणात. बानोबीनं ती वही कितीदा चाळली असेल. हुमा तिला सापडली नाही. मी तिला म्हणायचे, "असेल कुठं तरी, बानोबी." मनात म्हणायचे, माझं बरं आहे, माझ्याकडे फोटो तरी आहे.

या वर्षी वीस वर्षं होतात म्हणून गावानं एक हॉल बांधला. गेलेल्या प्रत्येकाचा मोठा रंगीत फोटो तिथं लावायचा. लिंबाजीराव त्याचं बघतात. त्यांचा फोन आला. "वैनी, आठ बाय दहाचा पाहिजे. नसला तर काळजी नका करू, आपण दिव्याचं चित्र लावून टाकू."

"माझ्या मुलीच्या जागी दिवा लागणार नाही," मी म्हटलं.

पण भिंतीवरचा फोटो विरत चालला होता. चेहरा दर वर्षी थोडा मागे सरके, धुक्यात गेल्यासारखा. लातूरच्या एका स्टुडिओत मी तो दिला, तर त्यांनी माती पुसून, गाल गुलाबी करून, ओठांवर हसू काढून आणून दिला. मी तो दुकानातच फाडला. दुसऱ्याच्या हातात तिला पुन्हा द्यायचं नाही, जे काढायचं ते आपल्या घरी आपण काढायचं, असं तिथंच ठरवलं.

नांदेडला वजिराबादेत जिलानींचा स्टुडिओ होता, तिथं आता त्यांचा मुलगा रिजवान कॉम्प्युटरचं सामान विकतो. त्यानं एकच फोटो दोन मशीनवर काढून माझ्यासमोर ठेवला आणि हातात भिंग दिलं.

"बघा मॅडम. ऑफिसचं काम असंल तर चार रंगवाला बास हाय. पण चेहरा काढायचा तर सहावाला घ्या. काळा, पिवळा, गुलाबी, निळा, अन् वरून फिका गुलाबी, फिका निळा. माणसाची चामडी या दोन फिक्यांत असते. चारवाल्यात गालावर ठिपके दिसतात."

खरंच दिसत होते.

"अन् कार्ट्रिजच्या नादी लागू नका, लई रडवतंय. हा टाकीवाला घ्या. बाजूच्या खिडकीतून शाई दिसते, उतरली की बाटलीनं भरायची. कागद मात्र चांगला घ्या. लोक हत्ती घेतात अन् चारा शेळीचा घालतात."

मी हसले. मग निगेटिव्ह काढून दिली. त्यानं ती झाकणात दिवा असलेल्या स्कॅनरवर ठेवली आणि पडद्यावर चित्र हळूहळू उतरू लागलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर जिलानीचाचा तसबीह ओढत बसले होते. मोतीबिंदूनं डोळे पांढुरके झालेले. त्यांना पडदा दिसणं शक्य नव्हतं. तरी मणी थांबले.

"कोणता नंबर हाय?"

"एकतीस," मी म्हटलं.

चाचांनी तसबीह मांडीवर ठेवली.

"बाई... तिला लहानच राहू द्या."

"का, चाचा?"

"लहान फोटोत ते आपल्याला दिसतात. मोठ्यात... आपण त्यांना दिसतो."

"अब्बा, गिऱ्हाईक पळवून राहिले का?" रिजवान म्हणाला.

मी खुर्चीजवळ गेले. "डोळे तुम्हीच उघडले होते ना? पेन्सिलीनं?"

"दहा जणांचे उघडले. घरचे रडले म्हणून." त्यांनी मान हलवली. "एकतीसला मी हात लावला नाही. मी फोटो काढला तवा... मिटलेले होते."

रिजवाननं माझ्याकडे बघून, वय झालंय, अशी खूण केली. मी वीस वर्षांपूर्वी तंबूतल्या त्या वहीसाठी रांगेत उभी राहिले होते. त्यापुढे दुकानातल्या म्हाताऱ्याचं बोलणं ते काय.

"उघडले असतील तर बरं झालं," मी म्हटलं. "बघू दे तिला. रिजवान, सहावाला बांध."

घरी मशीन जोडलं ते धम्मप्रियानं. सहा टाक्यांत सहा बाटल्यांतली शाई खुणेपर्यंत ओतली, उरलेली ठेवून दिली, खिडक्यांतून रंग दिसू लागले. पहिल्यांदा मुलींचे फोटो काढले, एका कागदावर आठ. इतके सुरेख आले की धुरपताबाईनं पदर सारखा करून स्वतःचाही काढून घेतला. धम्मप्रिया म्हणाली, "मावशी, हा स्थळाला पाठवायचा का?" त्या हसण्यात दोन दिवस गेले.

बुधवारी दुपारी दोनला लाइट आली. बाकीच्या मुली क्लासला गेल्या होत्या. बाहेर गल्लीत ऊन असं पडलं होतं की कुत्रंही हलत नव्हतं. मी आठ बाय दहाचा कागद लावला आणि धम्मप्रियानं बटण दाबलं.

पासपोर्ट फोटो काढताना मशीन सुईधाग्यासारखं सरसर चाले. आता ते थांबत थांबत चाललं. घर्र... मग काही नाही. मग पुन्हा घर्र... कोणी दगडावरचा दगड हातानं बाजूला करावा, दम खावा, पुन्हा करावा, तसं. खोलीत वास आला. भिजलेल्या पांढऱ्या मातीचा, आणि त्याखाली रॉकेलचा.

"काकू, काही जळून राहिलंय का?"

"नाही. चालू दे."

आधी केस आले, मग कपाळ. कपाळावरची माती मातीच्याच रंगाची होती. मी चष्मा पुसला. गाल आले, ओठ आले, ओठांच्या कडेला वाळलेला तपकिरी डाग. मग गळा, आणि गळ्याखाली पिवळा रंग.

धम्मप्रिया पडद्याकडे बघत होती आणि कागदाकडे बघत होती. "काकू... इथं तर काळंपांढरंच दिसून राहिलंय."

मी रिजवानला फोन लावला. तो सहज म्हणाला, "सहा रंगांत काळंपांढरं काढलं की जराशी झाक मारतेच मॅडम. हिरवट, नाहीतर लालसर. सेटिंगमधे रंग बंद करा."

रंग बंद केले. दुसरा कागद लावला. या खेपेला पिवळा आणखी गडद आला, गळ्याच्या काठाला लाल धाग्याची वेलबुट्टी होती. दोऱ्यातलं ते कापड चौकोनी होतं, हिरवं, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. काडीपेटीएवढ्या फोटोत ते काहीही दिसू शकत होतं. मला जे हवं होतं ते दिसलं होतं.

त्या गणपतीला मी नीलगंगेला फ्रॉक शिवून पाठवला होता. जांभळा. खाली झालर.

तिसरा कागद मी लावला नाही. धम्मप्रियानंही नाही. तो आत कसा गेला ते आम्हाला दोघींनाही सांगता येत नाही. बाहेर आला तेव्हा पोरगी तीच, फ्रॉक तोच. फक्त पहिल्या दोन्हींत ती समोर बघत होती. आता ती दाराकडे बघत होती.

ही माझी नव्हे, बानोबीची हुमा, असं मी म्हटलं तेव्हा धुरपताबाई पोळपाट टाकून दारात आली होती. "बाई, नदीत सोडा ते. दुसऱ्याचं लेकरू हाय. झपाटंल."

"वीस वर्षं माझ्या घरचं दूध पिलंय ते," मी म्हटलं. "झपाटायचं असतं तर केव्हाच झपाटलं असतं. तिला घरी जायचंय, एवढंच."

बोलायला सोपं होतं. त्या संध्याकाळी मी तिन्ही कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळणार नव्हतं. काळापांढरा फोटो कुठूनही काढून हॉलमध्ये लावता आला असता, खाली नीलगंगेचं नाव. आणि मी हा फोटो दिला की माझ्याकडे काही उरत नव्हतं. माझी मुलगी वहीत नव्हती, भिंतीवर नव्हती. वीस वर्षं मी जिला बघत होते ती ती नव्हतीच. बानोबीची जागा माझी होणार होती. वाटीतलं दूध त्या दिवशी मांजरानं प्यालं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि नव्या गावाला गेले.

बानोबी दुकानात बांगड्यांचे तोडे लावत होती. मी तिच्यापुढे तिसरा कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, नाहीतर पुढे बोलता आलं नसतं. ती रडली नाही. बोट हिरव्या चौकोनावर ठेवून म्हणाली, "हा टाका मीच मारला होता. उलटा पडला हाय, बघ."

"हो."

"वीस वर्षं, वैनी. दर साल माझ्यासमोर बसायचीस."

"हो."

मला वाटलं, आता काचेचा तोडा डोक्यात घालेल. घातला असता तर मी हललेही नसते.

"दूध ठेवायचीस म्हणतीस? रोज?"

"रोज."

"साखर घालून?"

"घालून."

"तिला साखरेचंच लागायचं..." मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "डोळे उघडे हायेत गं. मलाच बघून राहिली."

मी वाकून बघितलं. काल ती पोरगी दाराकडे बघत होती. आता बानोबीकडे बघत होती. बानोबीनं तळहात कागदावर ठेवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूच फिरवला, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. हात उचलला तेव्हा कागदावरचे डोळे मिटलेले होते. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

निघताना तिनं माझा हात धरला. "मग तुझी नीलू कुठं हाय, वैनी?"

मी हात सोडवला आणि हॉलवर गेले. लिंबाजीरावांकडे दिव्याचं चित्र तयार होतं.

मी त्यांच्यापुढे पिशवीतून आठ बाय दहाचा कोरा कागद काढला, चकचकीत, त्याच पाकिटातला. "हा लावा. खाली नाव घाला, नीलगंगा चन्नबसप्पा."

"कोरा? लोक हसतील, वैनी."

"हसू द्या. तिचा फोटो नाही, हे खरं आहे. ती होती, हेही खरं आहे. दिवा खोटा आहे."

ते कुरकुरले, पण गणपती बसले त्या दिवशी चौकट लागली. हुमाची चौकट शेजारीच आहे, पिवळ्या फ्रॉकातली, डोळे मिटलेली. मी घरी प्रिंटरची वायर काढून ठेवली आणि त्यावर जुनी ओढणी टाकली.

तिसऱ्या दिवशी धूळ पुसताना लक्षात आलं, दोन टाक्यांतली शाई उतरली आहे. गुलाबी आणि निळी, अर्धं अर्धं बोट. बाकीच्या चार जशाच्या तशा. धम्मप्रियानं मशीन उचलून खालून बघितलं. कोरडं होतं.

"गळती नाही, काकू... मग जाऊन कुठं राहिली?"

दुसऱ्या दिवशी आणखी अर्धं बोट. मी विचार केला नाही. बाटल्या काढल्या आणि दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. तेव्हापासून रोज सकाळी भरते. धुरपताबाईनं त्या खोलीत येणं सोडलं आहे. मशीन विकून टाका, असं मुलीही म्हणतात. मी कोणाचं ऐकत नाही.

काल गणपती बुडले. आज सकाळी लिंबाजीरावांचा फोन आला.

"वैनी, तुमच्या त्या कागदाला खालून डाग चढून राहिलाय. जांभळा. ओल लागली असंल. बदलून टाकू का?"

"किती चढलाय?"

"चार बोटं असंल. अन् काठाला असं... चुण्या पडल्यावानी. फ्रॉकाला झालर असती ना, तसं काहीतरी..." ते थांबले. "वैनी? ऐकून राहिल्या ना?"

"हात लावू नका," मी म्हटलं. "कोणालाही लावू देऊ नका."

मग मी ओढणी उचलली. गुलाबी आणि निळी रोजच्यासारखी उतरली होती. बाटल्या पालथ्या केल्या तर थेंबच निघाले. रिजवानला फोन केला, आजच्या बसनं पाठव म्हणून सांगितलं.

"इतक्या लवकर संपल्या? लई फोटो काढून राहिल्या मॅडम! काळी पण टाकू का सोबत? चेहऱ्याचं काम असंल तर काळी लागतेच. केसांना, डोळ्यांना."

काळ्या शाईची टाकी आजवर हलली नव्हती. मी वाकून खिडकीत बघितलं. भरतानाच्या खुणेखाली एक केसभर जागा रिकामी दिसत होती.

तीस तारखेला अजून अकरा दिवस आहेत.

"दोन पाठव," मी म्हटलं.